पळी धरलेली राणी

आई गेल्यावर आमच्या घरात कुणी रडलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कौतुक म्हणून तर नाहीच. कॉव्हेंट्रीतलं आमचं ते टेरेस्ड घर, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे कुणी कधी न बसणारं अंगण. त्यात पप्पा आणि मी असे दोघं राहत होतो आणि दोघंही वेळेवर उठत होतो. बॉयलर सकाळी खाकरून सुरू व्हायचा, मग पप्पांची किटली, मग माझा टोस्टर. आठवड्यातले काही दिवस पप्पा ब्रॅकनेलच्या ऑफिसला जायचे, बाकीचे दिवस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. हॉस्पिटलात जाण्याआधी आईने फ्रीझर भरून ठेवला होता. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत वरण, पाटवडीचा रस्सा, गोळाभाताचे गोळे. ते आम्ही एकेक करून संपवलं, फारसं न बोलता. शेवटचा डबा संपला त्या दिवशी पप्पांनी तो धुतला, पुसला आणि रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकला. मी दारात उभी राहून बघत होते. मला काही वाटलं नाही. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला वाटत नाही, तसं मला ते घर माझं वाटत नव्हतं, एवढंच.

आई नागपूरची, पाली घेऊन एम.ए. झालेली. तिकडे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. पप्पांना व्हिसा मिळाला, मी चौथीत असताना आम्ही इकडे आलो, आणि इथे तिच्या पालीची कुणाला गरज नव्हती. काही दिवस ती घरी बसली, मग मी पुढे ज्या सेकंडरी स्कूलमध्ये गेले तिथल्याच कॅन्टीनमध्ये लागली. डिनर लेडी, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढणारी बाई. अंगात हिरवा टॅबर्ड, म्हणजे बिनबाह्यांचा एप्रन, डोक्यावर केसांची जाळी, छातीवर बिल्ला. सुनंदा म्हणणं तिथल्या बायकांना जड जायचं, म्हणून बिल्ल्यावर नुसतं 'सू'. नागपूरला पप्पांनी कळवलं, सुनंदा शाळेत आहे. ते खोटं नव्हतं. तिकडच्यांनी आपापल्या मनाने तिच्या हातात खडू दिला, आणि पप्पांनी तो काढून घेतला नाही.

मला तिची लाज वाटायची, असं या ठिकाणी लिहायची पद्धत आहे. मला वाटायची नाही. मला कस्टर्ड जास्त मिळायचं. शिवाय कॅन्टीनमधली आई घरातल्या आईपेक्षा मोठ्याने हसायची, आणि मला ती तशी बघायला आवडायची. घरी ती शांत असे. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर ओतून घड्या घालत बसायची आणि मला जुन्या पाली कथा सांगायची. त्यांतली एक राणी माझी आवडती होती. ती रोज राजवाड्याच्या दारात उभी राहून रांगेतल्या भिक्खूंना स्वतःच्या हाताने भात वाढायची, दासींना पळीला हात लावू द्यायची नाही. राणीचं नाव आता काही केल्या आठवत नाही. मी आता आईपेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे, या वयात नावं अशीच जातात. ती कथा आईने रचलेली असावी, असंही मला हल्ली वाटतं.

आईचा पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा नागपूरहून विमलमावशी आली. आईची थोरली बहीण. येताना तिने लाल तिखट, काळा मसाला, कुरडया आणि आमच्याबद्दलची काळजी असं सगळं बॅगेत भरून आणलं. तिने फोडणी टाकली की स्मोक अलार्म वाजायचा, मग ती टॉवेल घेऊन छताशी भांडायची. घरात पुन्हा आवाज आला. वांग्याचं भरीत आलं, ज्वारीचं पीठ मिळेना म्हणून बाजरीची भाकरी आली. मी जेवायचे, पण चव जिभेच्या पुढच्या टोकाशी थांबायची, आत यायची नाही. आल्यानंतर थोड्याच दिवसांत मावशीने आईचं कपाट आवरायला घेतलं आणि तिला तो हिरवा टॅबर्ड सापडला. तो हातात घेऊन ती पलंगावर बसली. मला विचारलं, हे कुणाचं? मी सांगितलं. तिने त्याची घडी घातली, परत आत ठेवला आणि पप्पांना एका शब्दाने काही विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून ती त्यांना भाकरी वाढताना ताटाकडे बघायची, तोंडाकडे नाही.

मी तेव्हा सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत होते आणि ए-लेव्हलला आर्ट घेतलं होतं. आमच्या आर्टच्या मिस हॉलिस आम्हाला लंडनच्या एका म्युझियमच्या प्रिंट रूममध्ये घेऊन गेल्या. लांबट टेबलं, सगळ्यांनी आधी हात धुवायचे, पेन आत न्यायचं नाही. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी पेटीतून एक जपानी ठसाचित्र काढून आमच्यासमोर ठेवलं. लाकडावर कोरून कागदावर छापलेलं. चित्रात कपडे वाळत घालणारी एक पोरगी होती. बाह्या दोरीने वर बांधलेल्या, पायात लाकडी खडावा, मागे फुलांनी भरलेलं झाड. झाडाच्या एका फांदीला दुमडलेली चिठ्ठी बांधलेली. ते म्हणाले, ही धोबीण नाही, राजकन्या आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या दरबारी कथेतली. त्या कथेत राजपुत्र येत नाही, त्याचं पत्र तेवढं येतं, फुलांच्या फांदीला बांधून. पुढे कितीतरी काळाने एका चित्रकाराने तिला आपल्या गावातली धोबीण केली आणि पत्राच्या जागी कपडे कुणाचे ते सांगणारी चिठ्ठी बांधली. ज्याला कथा माहीत त्याला राजकन्या दिसायची, ज्याला नाही त्याला धोबीण. या प्रकाराला तिकडे मिताते म्हणतात. एकाच्या जागी दुसरं बघणं.

बाकीच्या मुली किमोनोच्या रंगांबद्दल बोलत होत्या. मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते. कथेप्रमाणे तिला नुकतंच कळलेलं आहे की तो येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. दोन रेघा डोळ्यांच्या, एक नाकाची, आणि ओठ. सकाळी दात घासताना आरशात मला जो चेहरा दिसायचा तोच तो. आई गेल्यापासून प्रथमच मला कशाचं तरी नीट आकर्षण वाटलं. आनंद वगैरे नाही, पण घरी परतताना ट्रेनमध्ये मला भूक लागली होती, हे लक्षात आहे. पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं, लाकूड आणि शाई, पण तो विषय वेगळा.

त्याच आठवड्यात नागपूरहून मामाने आईचा फोटो पाठवला. आमच्याकडे माणूस गेलं की स्मृतिदिनाला मोठा फोटो लागतो, आणि घरचे फोटो बहुतेक लग्नातले, गर्दीतले, अर्धे डोळे मिटलेले असतात. मग स्टुडिओवाला आपल्याकडचं तयार अंग वापरतो. पुरुष असेल तर कोट आणि टाय, बाई असेल तर पांढरी साडी, जरीचा काठ, जोडलेले हात. त्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा बसवतो, सुरकुत्या पुसतो, मागे निळं आकाश देतो. मामाने तेच करून घेतलं होतं. चेहरा आईचाच होता, तिच्या एम.ए.च्या वेळचा. मावशीने मोबाईल हातात घेऊन स्क्रीनवरूनच तिच्या गालावर बोट फिरवलं. पप्पांनी फाईल प्रिंट शॉपला पाठवली आणि फ्रेम सांगितली. मी ते हात मोठे करून करून बघत होते. गोरे, गुबगुबीत, नखं रंगवलेली. त्या बाईने आयुष्यात कधी कढई घासली नसावी. मी म्हणाले, हे आईचे हात नाहीत. पप्पा म्हणाले, फ्रेममध्ये कळणार नाही.

मग मी माझं चित्र करायला घेतलं. कोर्सवर्कची डेडलाईन होतीच, पण खरं कारण ते हात होते. मला आईचं एक तरी चित्र असं हवं होतं की ज्यात ती असेल. शाळेच्या कॅन्टीनची खिडकी काढली, बाहेर हुडी घातलेल्या पोरांची रांग, टोप्या डोक्यावर ओढलेल्या, हातात ट्रे धरून खाली बघणारी. थोडं लांबून बघितलं तर चीवर पांघरलेले भिक्खू. आणि खिडकीत आई, जाळी, टॅबर्ड, हातात पळी, राणीसारखी ताठ. पळी तिच्या डाव्या हातात होती, कारण शाळेत ती डाव्या हाताने वाढायची. घरी मात्र नेहमी उजव्या. याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. घरी आपण मराठी बोलतो आणि शाळेत इंग्लिश, तसंच काहीतरी ते असणार, असं मी धरून चालले होते.

या कामाची रीत अशी की पातळ कागदावर रेघांचं चित्र काढायचं, तो कागद पालथा लाकडावर चिकटवायचा आणि मागून दिसणाऱ्या रेघा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. कोरता कोरता कागद जातो. मूळ चित्र उरत नाही, उरतो तो ठसा. मी कागद उताणा चिकटवला. मिस हॉलिसनी सांगितलं होतं, पण मी आयुष्यात चिकटवली होती ती विहाराच्या कार्यक्रमांची पोस्टरं, आणि पोस्टर कुणी पालथं चिकटवत नाही. सांगितलेलं कानावर पडलं होतं, आत गेलं नव्हतं. त्या वर्षी बऱ्याच गोष्टींचं तसं व्हायचं. स्वयंपाकघरातच शाई लावून, लाकडी चमच्याची पाठ घासून पहिला कागद उचलला, तेव्हा सगळं उलटं झालेलं होतं. रांग दुसऱ्या बाजूने येत होती आणि पळी उजव्या हातात गेली होती. मूळ चित्र तर कोरण्यात गेलेलं. मिस म्हणाल्या, छान आहे, परीक्षकांना काय कळणार. मलाही वाईट वाटलं नाही. काही प्रती छापल्या आणि खिडकीपाशी दोरीवर वाळत टाकल्या.

मावशी चहा करायला आली आणि दोरीपाशी थांबली. मी तिला राणीची कथा सांगितली, जपान्यांचं सांगितलं, धोबीण आणि राजकन्या सगळं सांगितलं. आणि म्हणाले, स्मृतिदिनाला आपण हे लावू या. मावशीने गॅस बंद केला.

"हे काय करून राहिली तू, प्रज्ञा? आमच्या आईने लोकांची खरकटी भांडी घासली. कशासाठी? या सुनंदाच्या हातात पुस्तक यावं म्हणून. मी दहावीनंतर शाळा सोडली, ती शिकावी म्हणून. आमच्या वस्तीतली पहिली एम.ए. आणि तू तिच्या हातात पळी देऊन राहिली?"

"पण ती वाढायचीच ना, मावशी."

"वाढायची. माहीत झालं मला. म्हणून चारचौघांत त्याला हार घालायचा?"

मी म्हणाले, ही राणी आहे. मावशी म्हणाली, ते तुला दिसतं, मला माझी आई दिसते दुसऱ्याच्या मोरीवर बसलेली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. पप्पा दारात येऊन उभे होते. दोघींकडे बघून ते म्हणाले, बघू, आणि लॅपटॉपकडे परत गेले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'नको' असतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी वाद घातला नाही. हरल्यासारखं वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

स्मृतिदिनाला आम्ही कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. कॉव्हेंट्री, लेस्टर, वॉटफर्डपर्यंतची आपली माणसं आली, सगळी पांढऱ्या कपड्यांत, जयभीम करत, दारातल्या मॅटवर बूट पुसत. हॉलमध्ये मेणबत्त्या लावायला कौन्सिलची बंदी, म्हणून बॅटरीवरच्या मेणबत्त्या. बुद्धमूर्तीशेजारी फ्रेममधली आई, पांढऱ्या साडीत, हात जोडून. वंदना झाली, दोघातिघांनी भाषणं केली. एकाने सांगितलं की सुनंदाताईंनी परदेशातही अध्यापनाचा वसा सोडला नाही. मावशी मान खाली घालून ऐकत होती. पप्पा समोर बघत होते. मागच्या किचनमधून खिरीचा वास येत होता, वेलदोडा जरा जास्तच पडलेला.

तेवढ्यात कॅन्टीनच्या बायका आल्या. शेरिल आणि आणखी दोघी, तिघी काळ्या कोटांत, उशीर झाला म्हणून अवघडलेल्या. आईच्या आजारपणात शेरिल दर आठवड्याला हॉस्पिटलात येऊन तिच्या पायांना क्रीम लावायची. त्या पुढे गेल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या, फुलं ठेवली. मग शेरिल वळून माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात विचारलं, ही तुझी नॅन का, लव्ह, तुझी आजी, तरुणपणीची? आणि सूचा फोटो कुठे ठेवलाय, तिलाही फुलं द्यायची आहेत.

पप्पा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी फोटोकडे बघितलं, शेरिलकडे बघितलं, आणि मग त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला, झोपेतून कुणी हलवल्यासारखा. ते उठले, खिशातली कारची किल्ली चाचपली आणि वंदनेचे पांढरे कपडे घातलेले तसेच बाहेर गेले. एक काका माझ्याकडे बघून खुणेने विचारत होते, काय झालं? घर जवळच होतं. पप्पा परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोरीवरची एक प्रत होती, वरच्या कडेला चिमट्याची खूण असलेली. त्यांनी फ्रेम हलवली नाही. तिच्या शेजारी फुलदाणीला टेकवून ते चित्र उभं केलं आणि लोकांकडे वळले. पप्पांना भाषण करता येत नाही.

"सुनंदा शाळेत शिकवत नव्हती," ते म्हणाले. "मुलांना जेवण वाढायची. मी कुणाला सांगितलं नाही. हे तिचं चित्र आहे, आमच्या मुलीने काढलंय."

आणि जाऊन खुर्चीवर बसले. शेरिलला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. ती चित्रापाशी गेली, म्हणाली, ही आमची सू, आणि हसता हसता नाक पुसायला लागली. मग तिने वाकून पुन्हा बघितलं आणि मला म्हणाली, हात मात्र चुकलाय, लव्ह. सू लेफ्टी होती. आमच्यात सगळ्यात फास्ट.

मावशीने माझी बाही ओढली, काय म्हणून राहिली ती बाई? मी सांगितलं. मावशी म्हणाली, शक्य नाही. तिची डाव्या हाताची सवय लहानपणीच मोडली होती. मीच मोडली. आमची आई कामावर जायची, मी सुनंदाला जेवू घालायची, तेव्हा तिचा डावा हात ओढणीने पाठीमागे बांधून ठेवायची. शाळेत हसतील म्हणून, बाई. माझ्या लग्नात तर तिने सगळ्या पंगतीला उजव्या हाताने वाढलं होतं. मग तिने मला शेरिलला विचारायला सांगितलं, नेहमी? की कधीमधी? शेरिल म्हणाली, पहिल्या दिवसापासून. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, कोणत्या हाताने वाढायचं? आम्ही म्हटलं, तुझ्या हाताने वाढ. हे मी मावशीला मराठीत सांगितलं. मावशी खुर्ची चाचपत खाली बसली. ती रडली, पण अगदी आवाज न करता, आणि कॅन्टीनच्या त्या बाईने तिचा हात धरून ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी त्यांच्यामध्ये उभी होते आणि मला ते सगळं काचेपलीकडे चाललेलं दिसत होतं. खीर वाढायला घ्या, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी वाढायला गेले.

मावशीचं परतीचं तिकीट आलं त्या आठवड्यातली गोष्ट. शाळेतून घरी आले तर ती स्वयंपाकघरात माझी वाट बघत होती. म्हणाली, ते दुसरं छाप, डाव्या हाताचं. मी नागपूरला नेईन. मी म्हणाले, नुसतं छापून होत नाही, मावशी, पहिलं चित्र कोरण्यात गेलं, पुन्हा काढावं लागेल, आणि मला हात आठवून काढायचा कंटाळा आलाय. ती वर गेली आणि खाली आली तेव्हा तिने आपल्या रोजच्या गोल साडीवर तो हिरवा टॅबर्ड घातला होता. तो तिला घट्ट होत होता. ओट्यावरची पळी उचलून तिने डाव्या हातात धरली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दुपारचं ऊन होतं, वॉशिंग मशीन फिरत होतं. मी कागद घेतला.

"असं?" मावशीने विचारलं. पळी तिने मुठीत आवळून धरली होती आणि तिच्याकडेच बघत होती.

"नाही. आई अशी नव्हती धरत. सैल धरायची. आणि पळीकडे नाही, समोर येईल त्याच्याकडे बघायची."

मावशीने पकड सैल केली, मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, हां, आता बरोबर, आता हलू नकोस. पण ते म्हणता आलं नाही, कारण मी रडायला लागले होते, आणि मावशी पळी खाली न ठेवता तशीच उभी राहिली.